गांजा-माफीची उरलेली बातमी

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या गांजा-माफीवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. बायडेन यांनी अध्यक्ष असताना ऑक्टोबर २०२२ मध्ये, निव्वळ गांजा बाळगल्याच्या फेडरल (म्हणजे केंद्रीय) खटल्यांतल्या सुमारे साडेसहा हजार लोकांना माफी दिली, मेरीलँड राज्याचे गव्हर्नर वेस मूर यांनी जून २०२४ मध्ये पावणेदोन लाख शिक्षा माफ केल्या, हे सगळं बरोबर आहे. स्वागतही करायलाच हवं. गांजाच्या वापरात काळे-गोरे जवळपास सारखेच, पण अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाला साडेतीन पटींहून जास्त, असं नागरी हक्क संघटना एसीएलयूने २०२० मध्ये दाखवून दिलं होतं. मात्र २०२२ च्या माफीने तुरुंगातून एकही माणूस बाहेर आला नाही, कारण निव्वळ गांजा बाळगल्याबद्दल फेडरल तुरुंगात तेव्हा कोणी नव्हतंच. फायदा झाला तो नोकरी आणि भाड्याचं घर शोधताना. त्यातही जुन्या दोषसिद्धीची नोंद पुसली जात नाही, माफीचं प्रमाणपत्र तेवढं मिळतं.

लेखात राहून गेलेली गोष्ट आपल्या वाचकांच्या घरातली आहे. बायडेन यांची माफी फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-वन-बीवर नोकरी करणारी मुलगी, विद्यार्थी व्हिसावर एमएस करणारा भाचा, यांना ती लागू नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे २०२१ मध्ये २१ वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर झाला, एप्रिल २०२२ पासून दुकानंही सुरू झाली. दारावर ओळखपत्र बघतात, आत मोबाइलच्या शोरूमसारखा झगमगाट, काउंटरवर गमीजच्या (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांच्या) रंगीत डब्या, वर रीतसर पावती. नुकत्याच आलेल्या पोराला यात काही बेकायदा आहे असं वाटणार तरी कसं? पण व्हिसा देतं ते वॉशिंग्टन, आणि तिथल्या कायद्यात गांजा बाळगणं अजूनही गुन्हाच आहे. अमली पदार्थांचा कायदा कधी मोडलात का, असा प्रश्न व्हिसाच्या अर्जातच असतो. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरही विचारतात, अगदी गोड बोलून. 'हो, इथे चालतं ना, मध्ये एकदोनदा घेतली', एवढ्या प्रामाणिक उत्तरावर अर्ज वर्षभर मागे पडू शकतो. खोटं बोलणं तर त्याहून महागात पडतं. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने जाहीरच केलं, की राज्याच्या परवान्याने चालणाऱ्या गांजाच्या धंद्यात नोकरी केली तरी नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. म्हणजे जे दुकान राज्याला कर भरतं, तिथे गल्ल्यावर बसणारा ग्रीन कार्डवाला नागरिकत्वाच्या अटीतला 'सच्चरित्र' नाही!

मी गांजाबंदीच्या बाजूचा नाही. दोन-चार ग्रॅमसाठी कुणाच्या आयुष्याला डाग लागू नये, या मताचा आहे. म्हणूनच तर ही माफी व्हिसावाल्यांपाशी येऊन थांबते याचा राग येतो. पोलिसांनी पकडलं तर नागरिकाला अनेकदा दंड भरून घरी जाता येतं. व्हिसावाल्याचं प्रकरण देश सोडण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि माफीतून नेमका तोच वगळला.

दर ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून शेकडो मुलं इकडे येतात. लोणची-पापडाच्या वजनाची चौकशी घरोघर होते, या विषयावर कोणी बोलत नाही. जुलैच्या शिक्षण पुरवणीत आपण यावर एक चौकट छापावी, ही विनंती.

— एक वाचक, न्यू जर्सी