घाटमाथ्याचा अंदाज वेगळा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की शनिवारी-रविवारी पहाटेपासूनच त्र्यंबक रस्त्याला आणि घोटीच्या दिशेने पाठीवर सॅक लावलेल्या दुचाकींची रांग लागते. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, कळसूबाई, दुगारवाडी. पोरं डोंगरात जातात याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी एकाच गोष्टीची वाटते. निघण्याआधी बहुतेक जण मोबाइलवर 'नाशिक' टाकून हवामान बघतात, 'हलक्या सरी' दिसल्या की गाडीला किक मारतात.

नाशिक शहराचा पाऊस आणि घाटमाथ्याचा पाऊस यांचा काही मेळ नाही. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, इगतपुरीला ३००० च्याही वर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिते होतात; पंचवटीत पोहोचतो तो उरलासुरला. नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. शहरात लख्ख ऊन असतानाही गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं, कारण वर त्र्यंबककडे पाऊस झालेला असतो आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढलेला असतो. मग ट्रेकला जाताना तेवढं हे ध्यानात का राहू नये?

ओढ्यांचंही तसंच. आपण उभे आहोत तिथे थेंब नसतो, पण वरच्या सोंडेवर धो धो कोसळून गेलेला असतो. नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, काड्या-पाने वाहत येऊ लागली, खळखळाट जड झाला, म्हणजे लोंढा निघाला. तेव्हा परतीच्या घाईने पात्रात पाय घालायचा नाही. पलीकडे अडकलेल्यांनी पलीकडेच उंचावर थांबावं, पाणी ओसरू द्यावं.

हवामान खातं अलीकडे नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाट परिसर यांचे इशारे वेगळे देतं. एकाच दिवशी शहराला पिवळा आणि घाटाला नारंगी असं होऊ शकतं. पिवळा म्हणजे काही नाही, असं समजणारेही खूप आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा. खात्याच्या हिशेबात जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. तो दिवसभर रिमझिम पडला तर वेगळं, दोन तासांत कोसळला तर हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवरून, वरून-खालून माणसांची रांग असताना, उतरणार कसं? म्हणून गुरुवारी पाहिलेल्या अंदाजावर शनिवारी विसंबू नये. खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज असतो, तो त्र्यंबक किंवा घोटीला चहा घेताना, रेंज आहे तोवर बघावा. पायथ्याच्या गावात ओळख असेल तर फोन करावा. त्या माणसाइतकं वरचं आभाळ कुणाला कळत नाही.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात भीती विजेची. दुपारनंतर ढग भराभर चढतात. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अशा वेळी असणं फार वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असावंच. आणि त्या दिवसांत पहाटे चढून दुपारच्या आत खाली यावं.

आपल्या अंकातल्या हवामानाच्या चौकटीत फक्त शहराचं तापमान आणि पाऊस असतो. जून ते ऑक्टोबर, निदान शुक्रवार-शनिवारी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांचा आदल्या दिवशीचा पाऊस, घाट परिसराचा इशारा, वाऱ्याचा वेग आणि गंगापूर-दारणा धरणांचा विसर्ग एवढं एकत्र छापावं. पावसाची नोंद सकाळी साडेआठपर्यंतची असते, तेही तिथेच लिहावं. सायकलवाल्यांना, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांनाही ते लागेल. चार ओळींची जागा पुरेल. येत्या हंगामापासून हे सुरू करावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक