बाबांचं बदली कार्ड

लालबाग, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही युरियाच्या गोणीसाठी रांग लावल्याचं सांगितलंत आणि मला चिलीतलं हंबरस्टोन आठवलं. हल्ली झोप आली नाही की मी असलंच काहीबाही वाचत बसतो. (आई, ओरडू नकोस.) अटाकामाच्या वाळवंटात, जिथे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही, तिथे 1872 मध्ये ही वसाहत उभी राहिली. क्षाराची जमीन सुरुंगाने फोडायची, गरम पाण्यात विरघळवायची, त्यातून सोरा काढायचा. शेताला खत तोच, तोफेची दारूही त्याचीच.

मजुरी मात्र टोकनात. टोकन चालायचं कंपनीच्याच दुकानात! आई, तुझ्या खाणावळीत कुणी टोकन पुढे केलं असतं तर? ताट वाढलं असतंस, पण महिनाभर ऐकवलंही असतंस. टोकनं बंद करा म्हणत 1907 च्या डिसेंबरात हजारो कामगार बायकापोरांसह इकिके बंदरात उतरले, एका शाळेत राहिले. 21 तारखेला लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

पुढे जर्मनांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवला. 1913 मध्ये कारखानाच सुरू केला. सोऱ्याची सद्दी संपली ती तिथे. तुमचा युरिया त्याच अमोनियाचा, म्हणून तर आठवण झाली. तरी हंबरस्टोनने उसनं अवसान आणून नाटकघर बांधलं, बुडालेल्या जहाजाच्या लोखंडाचा पोहण्याचा तलावही केला. वाळवंटात तलाव! 1960 मध्ये सगळं बंद पडलं.

2005 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. पण भंगारवाल्यांपासून ते वाचवायला झटली तिथलीच जुनी माणसं. अजून दर नोव्हेंबरात ती तिथे जमतात. आपल्याकडे गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या आवारात गिरणीची एक चिमणी तेवढी ठेवलीय, तिच्याखाली गाड्या लागतात.

आई पत्र्याची पेटी साफ करायची म्हणत होती. त्यात बाबांचं गिरणीतलं बदली कार्ड, म्हणजे बदली कामगाराचं हजेरी कार्ड आहे, मे महिन्यात मी पाहिलंय. घामाने कडा मऊ पडल्यात, जानेवारी 1982 च्या मध्यापर्यंत शिक्के आहेत, पुढचे रकाने कोरे. ते चुलीत जाऊ देऊ नका. गणपतीला आलो की मी घेऊन जाईन.

तुमचा,
बाळू