रविवारची बैठक: सोयाबीन खरेदी आणि खताचं लिंकिंग

गटातल्या सगळ्या शेतकरी बांधवांनो रामराम,

येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता मारुतीच्या पारावर बैठक आहे, सोमवारी सकाळी तहसीलला निवेदन द्यायचंय म्हणून त्याच्या आधी सगळ्यांचं एकमत पाहिजे. घरटी एक माणूस तरी या, ग्रुपवर नुसता 👍 टाकून गप बसू नका.

विषय दोनच. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्याच्या वर दाखवला की माल वापस, अन् ट्रॅक्टरचं भाडं, हमाली आपल्याच बोकांडी. बारदाना नाही म्हणून गाड्या रातभर रांगेत उभ्या, वरून पाऊस आला तर ताडपत्री पण आपलीच. म्हणून मागणी एवढीच की केंद्राच्या मेसेजमधे दिलेल्या तारखेलाच माप व्हावं, अन् मॉइश्चर मीटरचा (ओलावा मोजायच्या यंत्राचा) आकडा शेतकऱ्याला दाखवूनच लिहावा.

दुसरं, डीएपी खताची गोणी १३५० ला, पण दुकानदार सोबत नॅनो खताची बाटली नायतर कसलंतरी टॉनिक घ्याच म्हणतात. हे लिंकिंग बेकायदेशीर आहे राव, तरी चालूच.

येताना आणा:
- सातबारा (पीकपेरा लागलेला), आधार, पासबुकची झेरॉक्स
- खताची पक्की पावती, बिलावर बाटली लावली असंल तर ती आधी आणा
- माल वापस आला असंल तर गाडीभाड्याची चिठ्ठी

पावतीचा फोटो ग्रुपवर टाकताना आधार नंबर झाका. अन् ग्रुपवर गुड मॉर्निंग रविवारपर्यंत बंद ठेवा, सूचना वर जाते.