वक्तृत्व स्पर्धेत गुण कशाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात झालेल्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा निकाल आपल्या अंकात वाचला. तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. निकालपत्रकावर माझी सही आहे, पण बहुमताचा तो निकाल मला पटलेला नाही, म्हणून हे पत्र.

विषय होता ‘पाणी हेच जीवन’. पहिला आलेला मुलगा खणखणीत बोलला. सुरुवातीला सुभाषित, मध्ये कविता, शेवटी वर उचललेली मूठ. टाळ्या भरपूर मिळाल्या. मध्येच तो अटलजींसारखा थांबतही होता. अटलजी आमच्याच ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणी वस्तीतले, तेव्हा इथल्या मुलांना तो मोह होणारच. पण अटलजी थांबले की ऐकणारा विचारात पडायचा. हा थांबला की मला वाटायचं, पुढची ओळ विसरला बहुतेक.

नंतर आठवीतली एक मुलगी आली. आवाज बेताचा. त्यांच्या वाड्यातली गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते. हिने खाली बाल्टी लावली आणि एका सकाळी किती बाल्ट्या वाया जातात ते मोजलं. तो आकडा सांगून म्हणाली, उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी दिवसाआड आलं की आपण नगर निगमला बोल लावतो. मग तिने थेट सभागृहालाच विचारलं, “कुणाकुणाच्या टाकीला बॉल कॉक (टाकी भरली की आपोआप पाणी बंद करणारी तोटी) नाहीये?” आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर झाला, मग आणखी काही. त्यात माझाही होता. दुसऱ्याच दिवशी मी प्लंबरला बोलावलं.

तिला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस नाही. ‘बादली’ऐवजी हिंदी ‘बाल्टी’ म्हणाली म्हणून गुण कापले, हावभाव नाहीत म्हणून कापले. “भाषण भाषणासारखं वाटलं नाही हो,” असं माझे एक सहपरीक्षक म्हणाले.

ॲरिस्टॉटलच्या मते वक्ता विश्वासाचा वाटला पाहिजे, ऐकणाऱ्याचं मन हललं पाहिजे आणि मुद्दा तर्काला टिकला पाहिजे. या मुलीने तिन्ही साधलं, तेही त्याचं नाव न ऐकता. आवाजाचा चढउतार आणि लय सांभाळणारेच बहुतेक बक्षिसं घेऊन जातात, हेही त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. म्हणजे परीक्षक तेव्हाही आमच्यासारखेच!

आणि ग्रीसपर्यंत तरी कशाला जायचं? इथल्या तानसेन संगीत समारोहाची सुरुवात आजही हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या परंपरेतल्या हरिकथेने, म्हणजे कीर्तनाने होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तो गळी उतरवतात. बुवांची नजर सतत श्रोत्यांवर असते. समोरचे पेंगायला लागले की ते गजर लावतात, टाळ्या वाजवायला लावतात. पाठ केलेलं भाषण भिंतीकडे बघून म्हणणाऱ्या मुलांना आम्ही हे कधी दाखवलंच नाही.

दोष मुलांचा नाही, आमच्या गुणपत्रकाचा आहे. १०० पैकी ४० गुण पाठांतर आणि हावभाव यांनाच! श्रोत्याला पटलं का, यासाठी रकानाच नाही. शिवाय विषयही असे की ज्यांना कुणाचा विरोधच नसतो. पाणी म्हणजे जीवन नव्हे, असं कोण म्हणणार? मग पटवायचं कुणाला?

पुढच्या वर्षी पाठांतराचा रकाना काढावा आणि प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांना दोन प्रश्न विचारू द्यावेत. ‘महाराज बाड्यावर गाड्यांना पूर्ण बंदी असावी का?’ असा आपल्या बाजारातल्या मुख्य चौकाचा विषय ठेवावा आणि भाषणाआधी व नंतर हात वर करायला लावून मोजणी करावी. पहिल्या रांगेत त्या चौकाजवळच्या सराफ्यातले दुकानदार बसवावेत. त्यांच्यातला एक हात जरी इकडचा तिकडे झाला, तरी त्या मुलाला ढाल द्यायला माझी हरकत नाही, मग तो बाल्टी म्हणो की बादली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर