डायनॅमोच्या वेषातला अल्टरनेटर

प्रिय विनू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लगेच लिहिणार होतो, पण हात ग्रीसमधून निघतच नव्हते. शेव्हरोलेटचं चार्जिंगचं काम परवा एकदाचं उरकलं: इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जुना डायनॅमो काढला आणि तेच काम करणारा अल्टरनेटर बसवला. ‘डायनॅमो काढलास म्हणजे गाडीचा जीवच काढलास’ असं लिहिलंयस ना? बॉनेट उघडून बघ आणि मग बोल. इंजिनाच्या कुशीत तेच काळं नळकांडं, तोच ब्रॅकेट, फायरवॉलवर (इंजिनमागच्या पत्र्यावर) तीच रेग्युलेटरची, म्हणजे चार्जिंगला आवर घालणारी डबी. नवं काही ओळखलंस तर मी हार मानली.

हा उद्योग का केला ते ऐक. गाडी १९५७ ची, बारा व्होल्टची, आणि डायनॅमो अजून ठणठणीत होता. दिवसा काहीच तक्रार नव्हती. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून कुठे थांबलं, इंजिन मंद झालं, की मीटरचा काटा डावीकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होण्याच्या बाजूला कलंडायचा आणि दिवे पिवळे पडायचे. हा बिघाड नव्हे, डायनॅमोचा स्वभावच तो. त्यात वीज तयार होते फिरत्या आर्मेचरमध्ये आणि ती सगळीच्या सगळी कम्युटेटर (तांब्याच्या पट्ट्यांचं फिरतं कडं) अन् त्यावर घासणाऱ्या कार्बन ब्रशमधून बाहेर यावी लागते. ते जड धूड फार जोरात फिरवलं तर गुंडाळ्याच उखडतील, म्हणून त्याला मोठी पुली. मग मंद इंजिनावर ते इतकं हळू फिरतं की कटआउट (डायनॅमोला बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. अल्टरनेटरचा कारभार उलटा. वीज तयार होते जागेवरच्या गुंडाळ्यांत. फिरणाऱ्या रोटरला स्लिप रिंगांमधून जेमतेम चार-पाच अँपिअर द्यायचे. त्याला छोटी पुली लावून खुशाल पळवावं. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटला अल्टरनेटर दिला, आणि त्यानंतर डायनॅमोचे दिवस भरलेच.

पण तो पांढुरका, आखूड, जाळीदार अल्टरनेटर त्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाशेजारी कसा दिसतो माहीत आहे? आजोबांच्या फोटोत कुणाचा मोबाइल आल्यासारखा. म्हणून मी डायनॅमोच्या आकाराच्या कवचातला घेतला. ६० अँपिअरचा, रेग्युलेटर पोटातच. अरुंद कवचामुळे मंद इंजिनावर तो नेहमीच्या अल्टरनेटरएवढा देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला पुरतो. चकचकीत लेबल खरवडून काढलं, इंजिनच्या इतर भागांसारखाच काळा रंग दिला. एक गंमत सांगू? डायनॅमोच्या टोकाला तेलाची टोपणवाली छोटी वाटी असते ना, ती जुन्यावरून काढून नव्यावर चिकटवली. आतून काहीच नाही, नुसता देखावा. तरी परवा तेलाची बुधली घेऊन गेलोच मी तिथपर्यंत.

पुलीच्या बाबतीत मात्र घाई करू नकोस. नव्याबरोबर आलेल्या पुलीची खाच अरुंद होती. आपला जुना रुंद पट्टा तिच्यात नीट बसेना, वरच्या वर घासून किंचाळायला लागला. जुनी पुली चढवावी तर ती मोठी, म्हणजे पुन्हा हळू फिरणं आलं. शेवटी रुंद खाचेची पण थोड्या कमी व्यासाची पुली मिळवली आणि क्रँकच्या पुलीशी एका रेषेत आणायला दोन वॉशर टाकले.

आता माझा गाढवपणा ऐक. वायरिंगचा नकाशा बघून मी मोठ्या हुशारीने नवी वायर जुन्याच जागी जोडली. म्हणजे सगळा प्रवाह पूर्वीसारखा डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या त्या मीटरमधून. तो मीटर आहे तीस अँपिअरपर्यंतचा. गाडी तीन आठवडे उभी होती, बॅटरी अर्धी उतरलेली. इंजिन लावलं, जरा वेग दिला आणि काटा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. मी खूश! दोन मिनिटांत वास आला. जळक्या रबराचा नव्हे, जुन्या कापडी वायरीचा, इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा. इंजिन बंद करून डॅशखाली हात घातला, तर मीटरमागच्या नटाने बोटच भाजलं. नट अर्धा फेरा सैल होता. इतकी वर्षं त्या सैल नटाला कुणी विचारलं नव्हतं, कारण डायनॅमोची झेपच तेवढी. प्रवाह दुप्पट झाला की त्याच सांध्यात उष्णता चौपट होते, आणि हे शाळेत शिकूनही मी तिथे हात भाजून घेतला. अल्टरनेटर बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम, विनू. खरं काम त्या सत्तरीकडे झुकलेल्या वायरींचं.

मग सगळं उस्तरलं. अल्टरनेटरपासून नवी जाड वायर थेट स्टार्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवर नेली, बॅटरीच्या टोकाला मोठा फ्यूज घातला आणि तो बॅटरीच्या ट्रेखाली दडवला. वायरीवर जुन्यासारखंच काळं कापडी वेष्टण चढवून जुन्या गुच्छातच बांधली. आता अ‍ॅमीटर तसाच ठेवला असता तर त्याला फक्त गाडीचा खर्च दिसला असता, जमा दिसलीच नसती. काटा कायम डावीकडे. म्हणून मीटर उघडून तबकडी आणि काटा तोच ठेवला, आत व्होल्टमीटरचं यंत्र बसवलं आणि मीटरच्या दोन्ही जुन्या वायरी बोल्टने एकमेकींना घट्ट जोडून झाकून टाकल्या. चौदा व्होल्टला काटा मध्याच्या किंचित उजवीकडे उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, कसं छान चार्जिंग चाललंय! रेग्युलेटरच्या डबीतली तिन्ही रिळं काढून जपून ठेवली. डबीत आता दोन जोड आहेत, बाकी हवा.

आकडे तुला लागतातच: इंजिन बंद असताना १२.६, चालू असताना १४.२, आणि दिवे-वायपरसकट मंद इंजिनावरही १३.४. फक्त चालू केल्याबरोबर चार्जिंग होत नाही, एकदा वेग द्यावा लागतो. रोटरमधल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर त्याला स्वतःला जागं करायचं असतं. घाबरू नकोस. आणि पार उतरलेली बॅटरी त्याच्या गळ्यात मारू नकोस, आधी चार्जरवर भर.

तुझ्या फोर्डला यातलं काहीही डोळे मिटून लावू नकोस. ती १९५३ ची, सहा व्होल्टची, आणि तिचा अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. माझ्यासारखा अल्टरनेटर तिच्यात जोडलास तर त्याच्या आतले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जातील. फोर्डने १९५६ ला बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ घेतला. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत: सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलेला अल्टरनेटर शोध, नाहीतर सगळी गाडीच बारावर ने. दुसऱ्या वाटेत सगळे बल्ब, कॉइल, मीटर यांचा विचार करावा लागतो. स्टार्टरचं फारसं अडत नाही; बारावर तो जरा दणक्यात फिरेल, फार वेळ फिरवत ठेवला नाहीस म्हणजे झालं. एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे: तेवढ्याच वॉटला सहा व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात, त्यामुळे तुझ्या मूळ वायरी माझ्यापेक्षा जाड आहेत. त्यांचं कापड चुरा होत असेल तर मात्र जाडीचा काही उपयोग नाही.

मला विचारशील तर तू पहिली वाट धर. तुझी गाडी रात्री फारशी निघतच नाही.

माझा जुना डायनॅमो पुसून, तेल लावून, जाड कागदात गुंडाळून ठेवलाय. परत लावायचा झालाच तर आधी पोलॅराइज करायचा (बॅटरीचा प्रवाह क्षणभर देऊन त्याच्या चुंबकत्वाची दिशा ठरवायची), असं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी शाफ्टला बांधलीय. हे अल्टरनेटरला कधीही करू नये, हेही त्याच चिठ्ठीवर आहे, कारण माझ्या नंतर ती कोण वाचेल सांगता येत नाही.

तू एवढंच कर: रेग्युलेटरची एकही वायर सोडवायच्या आधी त्या टर्मिनलांचे फोटो काढून मला पाठव. आणि बॅटरीची अर्थची वायर आधी काढ. तुझ्या गाडीत ती पॉझिटिव्हची, विसरशील.

तुझा,
मधू