पोहण्याची टोपी चिकटते ती तेलामुळे

संपादक महोदय,

उन्हाळी पोहण्याचे वर्ग सुरू झाले की सांगलीत एक तक्रार हमखास कानावर येते: नवी टोपी चिकट झाली, माल खराब निघाला. बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो, सकाळी डोक्याला चोपडलेल्या खोबरेलाचा असतो. अशी चिकट होणारी टोपी लॅटेक्सची असते; लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तेल त्यात मुरते, रबर फुगून मऊ पडते आणि जरा ताण बसला की फाटते. असे बिघडलेले रबर कशानेही पूर्ववत होत नाही. म्हणून पोहायच्या दिवशी डोक्याला तेल नकोच. व्हॅसलीन किंवा सनस्क्रीन लागलेला हातही धुऊनच टोपीला लावावा. लॅटेक्सच्या पोशाखालाही हेच लागू.

घालताना केस ओले करावेत, पिना काढाव्यात. दोन्ही तळवे टोपीत घालून ती ताणावी, कड कपाळावर टेकवावी आणि मागे ओढावी. चिमटीत धरून ओढली की नखाने कडेला चीर जाते, आणि ती वाढतच राहते.

पोहून झाल्यावर साध्या गार पाण्यात आतून-बाहेरून खळबळावी, कारण क्लोरीनही रबराला कमकुवत करते. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन नको. तलावाच्या कठड्यावर भर उन्हात टोप्या वाळत घातलेल्या दिसतात, हे थांबायलाच हवे. उन्हाने रबर कडक होऊन तडकते. सावलीत एक बाजू कोरडी झाली की उलटी करून दुसरी वाळवावी. मग दोन्ही बाजूंना चिमूटभर टाल्कम लावून अंधाऱ्या कपाटात ठेवावी. हातात तांब्याची अंगठी किंवा कडे असेल तर आधी काढावे. तांबे लागले की फिकट लॅटेक्सवर तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. पितळी खुंटीचेही तसेच.

आणखी एक गोष्ट पालकांनी गांभीर्याने घ्यावी. टोपी घातल्यावर खाज, गांधी, डोळ्यांभोवती सूज आली तर ती लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. केळे किंवा किवी खाऊन ज्यांच्या तोंडाला खाज सुटते, त्यांनी अधिक जपावे. दम लागला तर टोपी काढून तडक दवाखाना गाठावा. अशा मुलांना सिलिकॉनची टोपी द्यावी. पण दुकानात दोन्ही 'रबरी टोपी' म्हणूनच विकल्या जातात. विक्रेत्यांनी टोपी कशाची आहे ते गिऱ्हाईकाला सांगावे, आणि 'तेल लावून टोपी घालू नये' एवढी एक ओळ तलावांच्या नियमफलकावर लिहावी, ही विनंती.

— जलतरण प्रशिक्षक, सांगली