सही न करणारा माणूस

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. अमेरिकेची राज्यघटना म्हणजे जेम्स मॅडिसन, असं तू ठोकूनच दिलं आहेस. त्याची विद्वत्ता मला मान्य, पण माझा ओढा व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन याच्याकडे आहे. त्याने घटनेवर सहीच केली नाही.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यांचे प्रतिनिधी जमले ते तेरा राज्यांना बांधणाऱ्या जुन्या करारनाम्याची डागडुजी करायला. त्यात केंद्राला कर बसवायचा अधिकार नव्हता, आणि बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. एकट्या ऱ्होड आयलंडने आयातकराची योजना अडवून धरली होती. या मंडळींनी बंद दाराआड तो करारनामाच मोडीत काढला आणि नऊ राज्यांनी होकार दिला की नवी घटना लागू, असं स्वतःच ठरवून टाकलं! कायद्याचं राज्य आणायला निघालेल्यांची ही सुरुवात.

१२ सप्टेंबरला, सगळ्यांना घरचे वेध लागले असताना, मेसन म्हणाला की घटनेला नागरिकांच्या हक्कांची सनद जोडा, काही तासांत मसुदा होईल. व्हर्जिनियाचा १७७६ चा हक्कांचा जाहीरनामा मुख्यतः त्याच्याच हातचा, म्हणजे बोलणं पोकळ नव्हतं. तरी सभेत राज्यवार मतं पडली तेव्हा एकाही राज्याने त्याला साथ दिली नाही. १७ तारखेला ३९ सह्या झाल्या. मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी हटून बसले. मेसनचे आक्षेप पुढे छापून सगळीकडे गेले आणि वॉशिंग्टनसारखा शेजारी, जुना मित्र दुरावला.

पण सनद नसल्याचा आक्षेप लोकांना पटला. घटना मंजुरीसाठी राज्यांकडे गेली तेव्हा मॅसॅच्युसेट्सने १८७ विरुद्ध १६८ अशी जेमतेम मान्यता दिली, तीही दुरुस्त्या सुचवून. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. अशा सनदा म्हणजे कागदी कुंपण, असं मानणारा तुझा मॅडिसन जेम्स मन्रोविरुद्ध काँग्रेसच्या (संसदेच्या) निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मात्र मतदारांना हक्कांचं आश्वासन देऊ लागला! शब्द पाळला, हे खरं. ८ जून १७८९ ला त्याने दुरुस्त्या मांडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ ला दहा मंजूर झाल्या, तीच हक्कांची सनद.

मेसनला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. गुलामांच्या व्यापारावर तो त्या सभेत कडाडला, पण घरी त्याच्या मळ्यात गुलामच राबत होते. घटनेनेही 'गुलाम' शब्द टाळून, प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब मांडला. ही घाण निघायला यादवी युद्ध आणि १८६५ साल उजाडावं लागलं. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मेसन, मॅडिसन दोघेही त्यात बसत नाहीत.

आणि हो, राज्यांकडे दुरुस्त्या गेल्या होत्या बारा. खासदारांच्या पगारवाढीला लगाम घालणारी त्यातली एक मंजूर झाली थेट १९९२ मध्ये. तीही मॅडिसनचीच, तेवढा गुण तुझ्या पारड्यात. आता तू त्याची वकिली सविस्तर लिहून पाठव.

तुझा,
अनिल